मावशींचा फोन

मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात आणि नातवंडाला सांभाळण्यासाठी दिवसभर मावशी येतात, अशा घरांतील आजी-आजोबांची एक तक्रार हल्ली वारंवार कानावर येते. मावशी कामाला चांगल्या, बाळाला त्यांचा लळा. परंतु हातातला फोन काही सुटत नाही. निघताना मुलगा सांगतो, ‘‘आई, जरा लक्ष ठेव गं.’’ आणि सत्तरीतल्या आजींच्या वाट्याला पहारेकऱ्याची नवीच नोकरी येते. बोलावे तर मावशी दुखावतील, कदाचित काम सोडतील. न बोलावे तर जिवाला घोर.

हा घोर अनाठायी नाही. लहान मूल पाण्यात बुडते तेव्हा चित्रपटात दिसतो तसा आरडाओरडा बहुधा होत नाही. रांगत्या बाळाला बादलीतले काही इंच पाणीही पुरेसे ठरते. शरीराच्या मानाने डोके जड, तोल पुढे जातो आणि स्वतःला वर काढण्याचे बळ हातांत नसते. घास अडकण्याचेही तसेच. श्वासमार्ग पूर्ण बंद झालेल्या मुलाला खोकता येत नाही, रडताही येत नाही. ‘काही झाले तर आवाज येईलच’ हा आपला भरवसा नेमका या दोन प्रसंगी फसवा ठरतो. तिथे कान उपयोगी पडत नाहीत, डोळेच लागतात.

दुसरी गोष्ट इतकी भयंकर नाही, पण रोजची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसत-बोलत असलेल्या आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा, एवढेच. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. प्रतिसाद मिळेना, की अस्वस्थ होऊन तोंड फिरवते. हा प्रयोग झाला तेव्हा मोबाइल फोन घरोघरी नव्हते. तरीही पडद्यावर खिळलेला चेहरा बाळाला कसा दिसत असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

म्हणून नियम हवाच. तथापि ‘कामावर फोन अजिबात नको’ हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तो टिकतही नाही. मावशींचेही घर आहे. त्यांचे मूल शाळेतून सुखरूप आले का, सासूबाईंनी औषध घेतले का, हे कळण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नाही. फोन काढून घेतला तर जीव घराकडेच राहतो आणि मग तो फोन न्हाणीघरात नाहीतर गच्चीत चोरून पाहिला जातो.

त्यापेक्षा नियम कामाच्या वेळांना बांधावा. बाळाला न्हाऊ घालताना, भरवताना, जिन्यावरून उतरताना आणि रस्त्यावर असताना फोन घ्यायचाच नाही, कोणाचाही आला तरी. अगदी सूनबाईंचा आला तरी. एरवी बाळ जागे असताना फोन कपाटावर ठेवावा, आवाज मोठा करून. वाजला, तर आधी बाळाला आजींकडे द्यावे किंवा पाळण्यात ठेवावे, मग दोन मिनिटे बोलावे. बाळ झोपले, की तो वेळ त्यांचा. तेव्हा त्यांनी मालिका पाहिली तर आपण कपाळाला आठी घालू नये. शिवाय घरातल्या कोणाचा तरी नंबर त्यांच्या घरी देऊन ठेवावा. ‘‘तुमच्याकडे काही तातडीचं असलं तर या नंबरावर करू द्या, मी लगेच निरोप देईन,’’ असे आजोबांनी एकदा सांगितले, की निम्मी ओढ तिथेच सरते.

आता थोडे आपल्या घरातल्यांविषयी. मावशींच्या हातात फोन देणारे पुष्कळदा आपणच असतो. कार्यालयातून दर तासाला ‘जेवला का?’, ‘फोटो पाठवा’, ‘व्हिडिओ कॉल करा’ असे येत राहिले, तर त्या बिचारीने फोन ठेवावा तरी कुठे? फोटोची एक वेळ ठरवावी, दुपारच्या झोपेनंतरची म्हणा. आणि सकाळचे सुप्रभात संदेश एकेक करून पुढे पाठवत बसलेल्या आजोबांनी मावशींना फोनविषयी बोल लावू नयेत. त्यांचाही फोन तेवढा वेळ कपाटावर जावा.

भरवताना गाण्याचा पडदा पुढे धरण्याची सवय तर बहुतेक घरांत मावशींच्या आधीच लागलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांपर्यंत तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत मनाई सांगते. परगावच्या नातलगांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा तिने वगळला आहे. चार घास कमी गेले तर जाऊ द्यावेत, हे मावशींना स्पष्ट सांगावे. ‘आज पोळी अर्धीच खाल्ली’ म्हणून संध्याकाळी आपण नाराजी दाखवली, की दुसऱ्या दिवशी फोन ताटाशेजारी आलाच.

बाळाचा फोटो स्टेटसला ठेवू नये, हेही पहिल्याच दिवशी सांगावे. त्या कौतुकानेच ठेवतात. म्हणून चिडून नव्हे, तर कारण देऊन सांगावे, की बाळाचा चेहरा अनोळखी लोकांपर्यंत जायला नको. घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असायला हवे. चोरून पाळत ठेवणे मला तरी पटत नाही.

हे सारे सांगावे कोणी? ज्यांनी कामावर ठेवले त्यांनी. पगार, सुट्टी आणि फोन एकाच बैठकीत, आजी-आजोबांच्या समोर. मग आजींना पहारा करावा लागत नाही, ठरलेल्याची आठवण तेवढी द्यावी लागते. ‘‘मावशी, फोन राहू दे, मी बघते कोणाचा आहे,’’ एवढे पुरते. ठरलेले मोडले तर आधी विचारावे; घरी कोणी आजारी असेल. मात्र आंघोळीच्या वेळी फोन घेतलेला दिसला, तर भीड न बाळगता त्याच दिवशी मुलाला आणि सुनेला सांगावे आणि पुढे आंघोळीला घरचे कोणी जवळ राहावे.

फोन दूर ठेवायचा म्हणजे बंद करायचा नाही. तो चार्ज केलेला, उठून लगेच घेता येईल असा हवा. रुग्णवाहिकेचा १०८, तातडीच्या मदतीचा ११२, बाळाच्या डॉक्टरांचा आणि आईवडिलांचे नंबर कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवावेत. आजोबांना चष्मा न शोधता वाचता येतील एवढ्या ठळक अक्षरांत.