ड्राइव्ह-इन सिनेमा : जुहूच्या व्यापाऱ्यांनी काय घ्यावे, काय सोडावे?

वांद्रे-कुर्ला संकुलातील एका मॉलच्या गच्चीवर नोव्हेंबर २०२१ मध्ये ड्राइव्ह-इन थिएटर सुरू झाले. क्षमता २९० मोटारींची. मुंबईला ही गोष्ट नवी नव्हती. वांद्रे पूर्वेला १९७७ पासून उघड्या मैदानातले ड्राइव्ह-इन होते. जुहू-पार्ल्याची कुटुंबे डबे, उशा आणि झोपाळू मुले गाडीत घालून तिकडे जात. २००३ साली ते बंद पडले. दिवसभर मोकळी राहणारी एवढी जमीन सोन्याच्या भावाची झाल्यावर दुसरे काय होणार?

आपल्या समाजातील काही उत्साही मंडळी आता म्हणतात की असेच काही जुहूकडे काढावे. विचार चांगला आहे, पण आधी हिशेब मांडावा. एका मोटारीला उभे राहायला साधारण १२ चौरस मीटर लागतात, ये-जा करण्याचा रस्ता धरला तर दुप्पट. त्यात माणसे बसणार चार. तेवढ्याच जागेत २५ खुर्च्या आरामात मावतात. शिवाय खेळ अंधार पडल्यावरच, म्हणजे रोज एक, फार तर दोन. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर काम ठप्प. हा धंदा मोठ्या भांडवलाचा आहे.

मग लोकांना त्यात आवडते काय? ६ जून १९३३ रोजी अमेरिकेत कॅम्डेन येथे रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी पहिले ड्राइव्ह-इन काढले. त्यांच्या घरचा व्यवसाय मोटारीच्या सामानाचा, म्हणजे माणूस आपल्यातलाच म्हणायचा! मूल रडले तरी शेजारी रागावत नाही, म्हाताऱ्या आईला पाय पसरता येतात, घरच्या बायकांना अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून बसावे लागत नाही, हे त्यांच्या गिऱ्हाइकाला हवे होते. आपल्या गिऱ्हाइकालाही तेच हवे आहे. त्यासाठी मोटार लागतेच असे नाही. आपल्या जत्रांतील तंबू सिनेमात मधे पडदा किंवा दोरी लावून स्त्रिया व पुरुष वेगळे बसत, आणि गर्दी मावत नसे.

म्हणून आमचे मत असे की गाडी सोडावी आणि कुटुंब धरावे. जुहूला ईदच्या दुसऱ्या दिवशी रिक्षाने, बसने जी कुटुंबे येतात, त्यांच्यातील किती जणांकडे मोटार आहे? पडदा वाळूवर नको, किनाऱ्याचे नियम कडक आहेत. एखाद्या शाळेचे मैदान शनिवार-रविवारी भाड्याने घ्यावे आणि चार-सहा जणांचे चौकोन आखून एका कुटुंबाला एक तिकीट ठेवावे. ड्राइव्ह-इनमध्ये आवाज गाडीच्या रेडिओवर येतो, आपल्याला लाउडस्पीकर लावावा लागेल, आणि तो रात्री दहाला बंद झालाच पाहिजे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, सातला खेळ सुरू केला तर अडचण नाही. पोलीस, अग्निशमन व सिनेमा परवाना आणि वितरकाची लेखी परवानगी, यात कुठेही चोरवाट नको. चोरीच्या कॉपीवर एक खेळ दाखवला की पुढचे सगळे मुकले.

खरी कमाई तिकिटात नसून खाण्यात आहे. मॉलच्या गच्चीवर कबाबवाल्याला, फालुदावाल्याला, खेळणी विकणाऱ्याला जागा नसते. आपल्या मैदानावर ती पहिल्यापासून राखून ठेवावी, आणि गाळ्याचे भाडे रोजच्या विक्रीतून निघेल इतकेच असावे. ते लिलावाने दिले तर मोठा कंत्राटदार सगळे उचलेल आणि आपले लोक फाटकाबाहेर टोपली घेऊन उभे राहतील. पडद्याची चौकट वेल्डरने, बैठकी गादीवाल्याने, दिव्यांची जोडणी इलेक्ट्रिशियनने करायची आहे. ही सगळी माणसे कुर्ला ते जोगेश्वरी पट्ट्यात आहेत.

दहा-बारा व्यापाऱ्यांनी मिळून भागीदारीचा रीतसर करार करावा व एकाच हंगामापुरता प्रयोग करून पाहावा. परवान्यांना वेळ लागतो आणि लग्नसराईत मैदाने मिळत नाहीत, तेव्हा दिवाळीनंतरच्या खेळांसाठी अर्ज गणपतीपूर्वीच गेलेले बरे.