दहा मिनिटांची मीटिंग

सोमवारच्या क्लायंट मीटिंगसाठी रविवारी रात्री तुम्ही काय काय करता? स्लाइड्स, बॅकअप स्लाइड्स, आकडे तोंडपाठ. बॉसने काहीही विचारलं तरी उत्तर तयार! हाच फंडा जरा घरीही वापरा ना.

नंदाखालहून परळच्या वाडिया हॉस्पिटलला जायचं म्हणजे सकाळी लवकर रिक्षाने विरार, मूल कडेवर घेऊन लोकलने दादर, पुढे टॅक्सी, मग केसपेपरची लाइन. एवढं करून डॉक्टरांसमोर मिळतात दहा-एक मिनिटं. त्यांचाही इलाज नसतो, बाहेरचा बाक भरलेला असतो.

माझ्या मावसबहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. घरी ती त्याच्याबद्दल तासभर बोलेल. डॉक्टरांनी 'कसा आहे?' विचारलं की 'बरा आहे'. खलास! म्हणून आता आदल्या संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन तिच्या ओट्यावर बसते. आम्ही एकच पान करतो. कितव्या आठवड्यात जन्मला, वजन किती होतं, लगेच रडला का, काचेच्या पेटीत किती दिवस होता. आजचं वजन, कारण मुलांचे बरेच डोस वजनावर ठरतात. औषध 'एक झाकण' असं लिहायचं नाही, एमएलमध्ये लिहायचं. नवीन काय जमायला लागलं, आणि आधी जमणारं काय बंद झालं. शेवटी तीन प्रश्न. तीनच!

पण पानापेक्षाही भारी काम करतो तो मोबाइल. फिट डॉक्टरांच्या केबिनमध्ये वेळ बघून येत नाही, त्यामुळे घरीच व्हिडिओ काढून ठेवा. वर्षाच्या आतलं बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा झटका देऊन पुढे झुकत असेल, तर घरचे म्हणतात दचकतंय, नाहीतर पोटात दुखत असेल. ती एका गंभीर प्रकारची फिट असू शकते आणि उपचाराला उशीर झाला तर बाळाच्या वाढीवर परिणाम होतो. अशा वेळी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १८४१ साली डॉ. वेस्ट या इंग्रज डॉक्टरने स्वतःच्या मुलाचे हे झटके 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्राने कळवले. एका वेळी दहा ते वीस, कधी त्याहून जास्त. बापाने चक्क मोजले होते! त्या आजाराला आज वेस्ट सिंड्रोम म्हणतात.

ईईजी असेल तर डोक्याला तेल नको, केस धुतलेले हवेत. (आमच्याकडे नातवाला बाहेर न्यायचं म्हटलं की आजी आधी खोबरेल काढते!) जागरण करवून आणायचंय का, तेही आधीच विचारून घ्या. फाइलमध्ये यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स ठेवा. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, त्याचीही चौकशी करा. आणि जमलं तर हाफ डे टाकून स्वतः सोबत जा. आई मुलाला आवरत असताना डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घ्यायला कुणीतरी हवं.

मागच्या वेळी बहिणीने 'हा चालेल का?' हा प्रश्न सगळ्यात खाली टाकला होता. मी कट-पेस्ट करून तो वर आणला. डॉक्टरांनी उलट विचारलं, "दोन वर्षांचा व्हायच्या आत आधाराशिवाय बसायचा का?" पुढे चालण्याचा अंदाज बऱ्याचदा त्यावरून बांधतात म्हणे. आमच्या पानावर ते होतं: एक वर्ष आठ महिने, नाताळचा गोठा बांधत होतो तेव्हा. मग डॉक्टर पाच मिनिटं जास्तच बोलले. सध्या बोलणं वॉकर आणि पायातल्या स्प्लिंटपर्यंत आलंय.