बिंदू मुलांच्या हातात द्या

गावाने वर्गणी काढून शाळेला डिजिटल फळा घेऊन दिला, की पालकांच्या चेहऱ्यावर जी आशा दिसते ती मी जवळून पाहिली आहे. हातावर पोट असलेला बापही त्यात शंभर-दोनशे रुपये घालतो. म्हणूनच गणिताच्या तासाला त्या फळ्यावर काय चालतं, याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तिथे व्हिडिओ चालतो. छान आवाजात प्रमेय सांगितलं जातं, रंगीत रेषा आपोआप उमटतात, सिद्धता पायरीपायरीने पुढे सरकते. मुलं शांत बसून बघतात. तास संपतो आणि वही कोरीच राहते.

गणित बघून येत नाही. ओईसीडी या संघटनेने २०१५ मध्ये जगभरातल्या शाळांमधल्या संगणकांवर अहवाल काढला. ज्या देशांनी शाळांच्या संगणकीकरणावर भरपूर पैसा ओतला, तिथल्या मुलांच्या गणितात म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नव्हती. यावरून काहीजण म्हणतात, खडू-फळाच बरा. मला ते पटत नाही. यंत्र वर्गात यावं, पण ते मुलांच्या हातात यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ मध्ये ते बनवायला घेतलं. शाळांना ते फुकट मिळतं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. त्यात काढलेल्या आकृतीचा कोणताही शिरोबिंदू धरून ओढता येतो. मध्यबिंदू म्हणून घेतलेला बिंदू, बाजू कितीही ताणली तरी मध्यबिंदूच राहतो.

नववीला मी मध्यबिंदूंचं प्रमेय याच्यावरच घेते. कुठलाही वेडावाकडा चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडा. आत काय तयार होईल, याचा अंदाज आधी वहीत लिहायचा. हा नियम मी मोडू देत नाही, कारण अंदाज लिहिलेला नसेल तर पडद्यावर जे दिसेल तेच आपल्याला वाटलं होतं, असं मन सांगू लागतं. बहुतेक मुलं लिहितात, आतला चौकोनही वेडावाकडाच असेल. मग जोडतात, आणि आत समांतरभुज चौकोन दिसतो. योगायोग असेल म्हणून एक कोपरा ओढतात. तरी समांतरभुज. कोपरा आत ढकलून चौकोन अंतर्वक्र करतात, तरीही तेच. मागच्या बाकावरची मुलगी ओरडते, “बाई, हा मोडतच नाही!” फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्याँ यांचं हे प्रमेय त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापलं गेलं. मुलांना मात्र ते त्याच तासाला सापडलेलं असतं.

पुढचा प्रश्न मी विचारते: आत समभुज चौकोन हवा असेल, तर बाहेर काय घ्याल? आधी चौरस येतो, मग आयत, मग एखाद्या गटाला समद्विभुज समलंब चौकोन सापडतो. एकदा एका मुलाने असा चौकोन आणला, की त्याला पुस्तकात नावच नव्हतं, पण आत समभुज पक्का होता. या सगळ्यांत सारखं काय, यावर वर्गात भांडण जुंपलं, आणि शेवटी कर्णांची लांबी मोजायचं कुणाला तरी सुचलं. दोन्ही कर्ण सारखे होते.

इथे पडद्याचं काम संपतं. ‘असंच का?’ याचं उत्तर पडदा देत नाही. एक कर्ण काढला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणात मध्यबिंदूंना जोडणारा रेषाखंड त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्मा असतो. म्हणजे समोरासमोरच्या बाजू एकमेकींना समांतर आणि सारख्या. ही सिद्धता मुलं वहीत स्वतः लिहितात, आणि ती त्यांना हवी असते, कारण प्रश्न त्यांचाच असतो.

पडद्यावर आंधळा विश्वास नको, हेही जिओजेब्राच शिकवतं. एका त्रिकोणाचे कोन ५०.३४, ६०.३४ आणि ६९.३३ अंश दिसत होते. “बाई, बेरीज १८०.०१ येते, संगणक चुकला.” तो चुकला नव्हता, त्याने प्रत्येक माप दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करून दाखवलं होतं. मोजमाप कुठे थांबतं आणि सिद्धता का लागते, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नसतं.

यात वेळ जातो, हे सहकाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. दहावीचा भूमितीचा पेपर चाळीस गुणांचा, अभ्यासक्रम लांबलचक. पण वरच्या दोन तासांत चौकोनांचे गुणधर्म, कर्ण आणि मध्यबिंदूंचं प्रमेय एकत्रच होऊन जातं. आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर समीकरण धरलं की पायऱ्यांसकट उत्तर मिळण्याच्या या दिवसांत नुसती उदाहरणं उतरवून घेण्यात घालवलेला वेळ कुणाच्या कामी येतो?

म्हणून पालक-शिक्षक संघापुढे मी प्रस्ताव ठेवला आहे: पुढची वर्गणी दुसऱ्या फळ्यासाठी नको, वापरलेले पण धड चालणारे लॅपटॉप घेऊ, तीन-चार मुलांमागे एक. गटात एकच यंत्र असलं की मुलं एकमेकांशी बोलतात, आणि मला तेच हवं आहे. आमच्यासाठीही वेगळं प्रशिक्षण हवं. मी केलेल्या प्रशिक्षणांत कोणतं बटण कुठे आहे ते शिकवलं, प्रश्न कसा विचारायचा ते नाही. त्यासाठी तालुक्यातल्या गणिताच्या शिक्षकांनी महिन्यातून एका शनिवारी दुपारी एकत्र बसावं आणि एकाच आकृतीवर खल करावा. पहिली आकृती मी आणेन, चक्रीय चौकोनाची. त्याचा एक शिरोबिंदू वर्तुळाबाहेर ओढला की समोरासमोरच्या त्या दोन कोनांची बेरीज १८० च्या खाली जाते, आत ढकलला की वर चढते. वर्तुळाला टेकल्याशिवाय ती १८० का होत नाही, हे मुलांना न सांगता त्यांच्याकडूनच कसं काढून घ्यायचं, ते ठरवायचं आहे.