तबला विज्ञानाच्या तासाला हवा

डफावर थाप पडली की ठेका कळतो, पण डफ कोणत्या सुरात वाजला हे सांगता येत नाही. तबल्याचं तसं नाही. गाणारीची पट्टी कळली की तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकतो, गजऱ्यावर हलके टोले देत तबला फिरवतो आणि तंबोऱ्याच्या षड्जाला तो मिळाला की थांबतो. चामडं दोन्ही वाद्यांवर ताणलेलंच असतं. मग एक सुरात लागतं आणि दुसरं का लागत नाही?

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. कोलकात्यात संशोधन करणारे चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार हे त्याचे लेखक. साध्या गोल चामड्यावर आघात झाला की ते एकाच वेळी अनेक वारंवारितांनी कंप पावतं. सर्वांत खालची वारंवारिता १ धरली, तर पुढच्या साधारण १.५९, २.१४, २.३० अशा येतात. तारेच्या मात्र १, २, ३, ४ अशा सरळ पटीत येतात आणि अशाच पटींतून कानाला स्पष्ट सूर लागतो. तबल्याच्या मध्यावरची शाई हा फरक पुसते. लोखंडाची पूड आणि खळ यांचं मिश्रण, एकावर एक पातळ थर, प्रत्येक थर दगडाने घोटलेला. मध्यावर वाढलेल्या या वजनामुळे चामड्याची कंपनं सरळ पटींच्या अगदी जवळ येतात. रामन यांनी चामड्यावर बारीक वाळू पसरून हे डोळ्यांनाही दाखवलं. जिथे चामडं स्थिर राहतं, त्या रेषांवर वाळू गोळा होते आणि प्रत्येक कंपनाची आकृती उमटते. कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने साधलेली गोष्ट त्यांनी मोजून मांडली.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांत विज्ञान दिन होतो, रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि रामन परिणामावर भाषण होतं. प्रकाशाच्या विकिरणाचा तो शोध सातवीच्या मुलाला समजणं अवघड आहे आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. त्याच शास्त्रज्ञाचं तबल्यावरचं काम मात्र मुलांना हाताने तपासता येईल असं आहे. त्याचा साधा उल्लेखही होत नाही, ही खरी खंत.

ध्वनीचा धडा बहुतेक वर्गांत फळ्यावर शिकवला जातो. ध्वनी कंपनातून निर्माण होतो, त्याला माध्यम लागतं, माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. वाक्यं पाठ होतात, गुणही मिळतात. पण तासभर कुणी काही ऐकलेलं नसतं. पचनसंस्था आतून पाहता येत नाही, अणू दाखवता येत नाही, तिथे आकृतीवाचून इलाज नाही. ध्वनीच्या बाबतीत ही अडचणच नाही. गावात भजनी मंडळ असतं, त्यांच्याकडे पखवाज असतो. त्या पखवाजाच्या डाव्या अंगाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, म्हणजे आवाज खाली उतरतो. वजन वाढलं की वारंवारिता कमी होते, हा नियम मुलांनी कणीक लावण्याआधी आणि लावल्यावर एकेक थाप ऐकून स्वतः शोधावा.

ध्वनीचा वेग मोजायलाही प्रयोगशाळा लागत नाही. मोठ्या भिंतीपासून ८५ मीटर मोजून मुलांना मोकळ्या मैदानात उभं करावं. एकाने दोन लाकडी फळ्या ठराविक लयीत आपटाव्यात आणि मागच्या ठोक्याचा प्रतिध्वनी नेमका पुढच्या ठोक्यावर येईल अशी लय धरावी. दुसऱ्याने अशा वीस ठोक्यांच्या अंतरांचा वेळ घ्यावा. तो दहा सेकंदांच्या आसपास येतो. प्रत्येक वेळी आवाज जाऊन-येऊन १७० मीटर चाललेला असतो, म्हणजे एकूण ३,४०० मीटर. भागाकार मुलांनीच करावा. हवा २० अंश सेल्सिअस असताना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, हे पुस्तकातलं वाक्य त्यानंतर वाचलं तर ते आपलं वाटतं.

हा आग्रह केवळ धडा रंजक व्हावा म्हणून नाही. धड्यात डेसिबल येतं आणि त्याचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. ६० वरून ७० डेसिबलला गेलं की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि ९० ला पोचलं की हजारपट. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे. पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, त्यामुळे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तरी मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर सर्वांत पुढे नाचणारी असतात ती याच वयाची मुलं. छातीत धडधडतं ते त्यांना मौजेचं वाटतं, कारण पंच्याण्णव आणि एकशे पाच यांत केवढं अंतर आहे हे त्यांना कुणी ऐकवून दाखवलेलं नसतं. पोलिसांची कारवाई हवीच. पण ती दरवर्षी मिरवणूक निघून गेल्यावरच आठवते.

मुख्याध्यापकांनी एवढं करावं: ध्वनीचा धडा वेळापत्रकात गणेशोत्सवाच्या आधी घ्यावा. एका तासाला गावातल्या तबलजीला किंवा पखवाजवादकाला मानाने वर्गात बोलवावं. मोबाइलमधलं ध्वनिमापक ॲप फारसं अचूक नसतं, पण तुलनेला पुरतं. ते घेऊन मुलांनी मधल्या सुट्टीतला वर्ग, एसटी स्टँड आणि उत्सवाचा मंडप इथला आवाज मोजावा आणि ते आकडे गावातल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे स्वतः मांडावेत.