फेऱ्या मारल्या, म्हणजे झाले?

“डॉक्टर, मी रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो, तरी खांदा कसा आखडला?” दादर-परळकडचे रुग्ण हा प्रश्न मला हमखास विचारतात. याचे उत्तर समजण्यासाठी सांध्यांची ओळख हवी.

कोपर हा बिजागरीचा सांधा. तो दारासारखा उघडतो आणि मिटतो. मानेतील पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, म्हणून आपण मान हलवून ‘नाही’ म्हणतो. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. त्यांच्यामुळे हातपाय पुढे-मागे, बाजूला आणि आतबाहेर वळू शकतात. खांद्याची उखळ उथळ, म्हणून सर्वांत जास्त हालचाल त्याचीच.

चालताना मात्र खांदा आणि खुबा मुख्यतः पुढे-मागेच झुलतात, तेही थोडे. चालणे हृदयाला उत्तम. पण तो सर्व सांध्यांचा व्यायाम नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच मैदानालगत १९२५ साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातील मल्लखांब पाहा, म्हणजे फरक कळेल.

मल्लखांब सर्वांना जमणार नाही. पण गिरगाव-लालबागच्या चाळींत घरकामच व्यायाम करून घेई. उंच दांडीवर कपडे वाळत घालताना हात डोक्यावर जात, मांडी घालताना खुबे बाहेर वळत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेथे टॉवर आले. घरात सोफा आणि वॉशिंग मशीन आले. सोय झाली, तक्रार नाही. पण या हालचाली दिनक्रमातून गेल्या.

सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणातून, हालचालीनेच होते. दुखतो म्हणून हात बांधून ठेवला, तर खांद्याचे आवरण अधिकच आखडते. मधुमेहींमध्ये ‘फ्रोझन शोल्डर’ जास्त आढळतो. मग केस विंचरणेही कठीण होते.

तेव्हा वाचकहो, फेऱ्या चालूच ठेवा. त्यांना पाच मिनिटांची जोड द्या. मान सावकाश दोन्हीकडे वळवा. हात वर, बाजूला आणि पाठीमागे न्या. तळहात उताणे-पालथे करा. घोटे गोल फिरवा. गुडघे झिजलेल्यांनी किंवा सांधा बदललेल्यांनी मांडी घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तीव्र कळ आली तर थांबा. हात वर जाईनासा झाला, तर तेल चोळत महिने घालवू नका. लवकर तपासून घ्या.