वीस म्हशी, एक रिक्षा

परवा रात्री मेसचं जेवण उरकून आम्ही चार-पाच जण नेहमीप्रमाणे हॉस्टेलच्या गच्चीवर बसलो होतो. समोर आरे कॉलनीचा काळोख, मागे हायवेचा आवाज. विषय निघाला फायनल इयरच्या प्रोजेक्टचा. एकाने ठासून सांगितलं, "गच्चीवर सोलर पॅनल, खाली बॅटऱ्या, आणि त्यावर इलेक्ट्रिक कार चार्ज करून दाखवायची. कुणाची वायर नाही, कुणाचं बिल नाही. पूर्ण ऑफ-ग्रिड!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. मग खाली येऊन वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला आणि माझं मत बदललं. कसं बदललं, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

ऑफ-ग्रिड म्हणजे वीज कंपनीच्या तारेशी काडीमोड. जेवढी वीज आपण तयार करू तेवढीच आपली. ऐकायला झकास वाटतं. पण मित्रांनो, मोटारगाडी ही भारी खादाड वस्तू आहे!

साधा हिशेब बघा. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन इलेक्ट्रिक बाजारात आली, तिची बॅटरी होती ३०.२ युनिटची. अशी गाडी आपल्या रस्त्यांवर एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. रोज ३५ किलोमीटर धरले तर गाडीच्या पोटात रोज ५ युनिट जायला हवेत. फार नाहीत, नाही का? पण पॅनलपासून गाडीपर्यंत येताना वीज किती टोलनाके ओलांडते ते मोजा. पॅनलमधून चार्ज कंट्रोलर, तिथून लेड-अ‍ॅसिड बॅटरी, बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून गाडीतला चार्जर, आणि मग गाडीची बॅटरी. प्रत्येक नाक्यावर दहा-वीस टक्के कापले जातात. शेवटी शंभरातले साठच पोचतात. म्हणजे ५ युनिटसाठी पॅनलने आठच्या वर युनिट द्यायला हवेत.

मुंबईत एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास देतं, म्हणजे दोन किलोवॅट पुरे. पण जुलैत? आपला जुलै आपल्याला ठाऊक आहे, आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही. उत्पादन निम्म्यावर येतं, म्हणजे चार किलोवॅट हवेत. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट, तर चारशे चौरस फूट गच्ची एका गाडीला गेली.

आता बॅटऱ्या. दिवसा सूर्य डोक्यावर असतो तेव्हा गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, आणि गाडी घरी येते तेव्हा सूर्य घरी गेलेला. म्हणजे वीज साठवणं आलंच. घरोघरी इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.८ युनिट, आणि तीही निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. एका दिवसाच्या गरजेला सात, आणि ढगाळ हवामानाचे दोन दिवस काढायचे तर चौदा बॅटऱ्या! एकेक पन्नास-साठ किलोची. पाऊण टन शिसं आणि अ‍ॅसिड, तेही चार-पाच वर्षांनी बदलायचं. लिथियम घेतलं तर वजन आणि नासाडी कमी होते, खिसा मात्र जास्त कापला जातो.

आणखी एक गंमत. गाडीचा चार्जर "जेवढी आहे तेवढी दे" असं म्हणत नाही. एसी चार्जिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात कमीत कमी ६ अँपिअरची मर्यादा आहे. २३० व्होल्टला ते झाले जवळजवळ १.४ किलोवॅट. ढग आला, वीज त्याखाली गेली, आणि मध्ये साठा नसेल, तर चार्जिंग बंद. शिवाय छोट्या जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीला जोडलेलाच नसतो. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, आणि ते मिळालं नाही की सरळ नकार देतो. माणूस डोकं खाजवत बसतो, वीज आहे तर चार्ज का होत नाही?

"मग डिझेल जनरेटर लावू," असंही कुणीतरी म्हणालंच. आपल्या शेजारच्या फिल्मसिटीत शूटिंगच्या जनरेटर व्हॅन दिसतात, त्याच त्याच्या डोक्यात असाव्यात. एक लिटर डिझेलमधून मिळतात तीन-साडेतीन युनिट, आणि त्यावर गाडी जाणार वीस किलोमीटर. तेवढं तर साधी डिझेलची गाडीच जाते! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

आता कुणी म्हणेल, "पण ग्रिडची वीज कोळशाची. डहाणूचं औष्णिक केंद्र कोळशावरच चालतं. मग तारेपासून सुटका नको का?" मुद्दा खरा, पण उत्तर उलटं आहे. ऑफ-ग्रिडमध्ये बॅटऱ्या भरल्या की पॅनलची पुढची वीज वाया जाते. गाडी चार दिवस गावाला गेली तर चार दिवस पॅनल नुसतं ऊन खात बसतं. तेच पॅनल ग्रिडला जोडलेलं असेल तर उरलेली वीज शेजाऱ्याच्या पंख्याला जाते आणि तेवढा कोळसा वाचतो. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम २०१५ पासून आहेत. ज्याच्या दारात तार आहे, त्याने पॅनल लावून ते तारेला जोडावं आणि गाडी खुशाल तारेवर चार्ज करावी. ऑफ-ग्रिडचा हट्ट धरला तर पर्यावरणाचं भलं होण्यापेक्षा आपली हौसच जास्त भागते.

मग ऑफ-ग्रिड कुणासाठी? उत्तरासाठी गच्चीवरून समोर बघा.

आरे दूध वसाहत १९४९ ची. सुमारे १,२८७ हेक्टर जागा, ३२ तबेले आणि सुमारे १६ हजार जनावरं असा तिचा पसारा. तिच्या आत २७ आदिवासी पाडे आहेत. मुंबईच्या पोटात राहूनही यातल्या काही पाड्यांनी दशकानुदशकं विजेविना काढली. आपण लोडशेडिंगच्या गोष्टी गावाकडच्या म्हणून ऐकतो, पण हे हायवेपासून रिक्षाच्या अंतरावर होतं. शिवाय सगळ्यांना तार मिळाली म्हणजे प्रश्न संपतो असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा उपनगरांतले कितीतरी भाग कैक तास, काही तर कैक दिवस अंधारात होते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळलं आणि लोकलसकट मुंबई थांबली. अशा वेळी तारेबाहेरची थोडी वीज लाखमोलाची असते.

पण आरेत सोलरची अडचण आहे. पॅनलला उघडं आकाश लागतं. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खी रांग लंगडते, आणि आरे म्हणजे तर सावलीच सावली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं रातोरात तोडली गेली, तेव्हा हे शहर किती हळहळलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर "स्वच्छ विजेसाठी चार झाडं तोडू" म्हणायला तोंड कसं उघडणार? पॅनल लागतील ते तबेल्यांच्या उघड्या छपरांवर, आणि तेही थोडे.

मात्र त्या छपरांच्या खाली जे आहे ते पावसाळ्यातही थांबत नाही आणि रात्रीही. शेण!

हसू नका. शेणाचा वास येतो म्हणून आपण खिडकी लावून घेतो, पण हिशेब ऐका. एका जनावराचं रोजचं शेण दहा किलो धरा, म्हशीचं तर जास्तच. एक किलो शेणातून सुमारे ०.०४ घनमीटर बायोगॅस मिळतो. एक घनमीटर गॅस इंजिनात जाळला तर लहान जनरेटर सव्वा युनिटच्या आसपास वीज देतो. पाचशे जनावरांचा एक तबेला म्हणजे रोज पाच टन शेण, २०० घनमीटर गॅस, २५० युनिट वीज. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो, म्हणून तो आधी लोखंडाच्या किसातून काढावा लागतो. उरलेल्या स्लरीचं खत होतं. आज तबेल्यांतलं बरंच शेण नाल्यात जातं, आणि आरेतून निघणाऱ्या ओशिवरा नदीचं काय झालंय ते नाक धरून कुणीही बघून यावं.

हे काही माझं संशोधन नव्हे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरला जात होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे खरकट्यावर चालणारं संयंत्र विकसित केलं. आणि मे २०२२ मध्ये महापालिकेने हाजीअलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर चक्क ओल्या कचऱ्याच्या गॅसवर चालणारं इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन सुरू केलं. हॉटेलांतलं उष्टं-खरकटं आत, गाडीला वीज बाहेर. म्हणजे मुंबईत हे होऊ शकतं, हे मुंबईनेच दाखवलंय. (आपल्या मेसमध्ये रोज किती भाजी टाकली जाते, हे आठवून मला तर आशाच वाटू लागली!)

पण मग ही २५० युनिट द्यायची कुणाला? माझ्या मते खरा प्रश्न इथेच सुरू होतो. ऑफ-ग्रिड वीज नेहमी थोडी असते. ती कुठून आणायची हे आपण इंजिनिअर मंडळी आवडीने शिकतो, पण कुणाच्या पानात आधी वाढायची हे आपल्याला परीक्षेत कुणी विचारत नाही.

माझी रांग अशी. पहिला नंबर चुलीचा. गॅसची वीज करताना तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते, म्हणून गॅस सरळ शेगडीत जाळणं केव्हाही चांगलं. २०० घनमीटर गॅस म्हणजे रोजचे घरगुती सहा सिलिंडर! दुसरा नंबर दिव्यांचा आणि पंपाचा. बिबट्याच्या जंगलाला लागून असलेल्या पाड्यावर रात्रीचा दिवा ही चैन नाही. तिसरा नंबर वाहनांचा, पण त्यातही रिक्षा आणि दुधाचे टेम्पो आधी. इलेक्ट्रिक रिक्षा एकदा चार्ज करायला आठ-नऊ युनिट लागतात आणि ती शंभरेक किलोमीटर जाते. म्हणजे चार्जरच्या एका युनिटला अकरा किलोमीटर, तेही तीन सवाऱ्या घेऊन. मोटार त्याच एका युनिटला सहा किलोमीटर, आणि आत बहुतेक वेळा एकटा साहेब. म्हणून मोटार रांगेत शेवटी.

मोटारवाल्यांनी रागावू नये. त्यांना एक मानाचं काम आहे. आता काही इलेक्ट्रिक गाड्यांमधून वीज बाहेरही काढता येते. तीस युनिटची भरलेली बॅटरी पन्नास घरांना प्रत्येकी दोन एलईडी दिवे आणि एक कमी विजेचा पंखा बारा तास पुरवू शकते. पुन्हा २००५ सारखी रात्र आली तर सोसायटीत उभी असलेली मोटार शेजारच्या वस्तीचं पॉवर हाउस होईल. घेण्यापेक्षा देण्यात ती जास्त शोभेल, नाही का?

आता प्रोजेक्टकडे येतो. आमच्या गटाला मी सांगितलंय की गच्चीवरची कार राहू दे. एक रिक्षा घेऊ. तिच्या नऊ युनिटसाठी लागतो सात-सव्वासात घनमीटर गॅस, म्हणजे १८० किलो शेण, म्हणजे अठरा-वीस जनावरं. वीस म्हशी, एक रिक्षा! एवढं तर एका तबेल्याच्या कोपऱ्यात बसतं. हिशेबात चूक असेल तर सरांनी लाल पेनाने गोल करावा, आनंदच आहे. तबेलेवाल्यांशी बोलणं, पाड्यावर जाऊन "तुम्हाला आधी काय हवंय?" असं विचारणं, ही कामं मात्र सर्किट जोडण्याआधीची आहेत. कदाचित ते म्हणतील, रिक्षा नको, शेगडी द्या. तर शेगडी करू. मार्क दोन कमी पडतील.

गटातल्या दोघांना अजून कारच हवी आहे. "फोटो भारी येईल," असं त्यांचं म्हणणं. येईलही. पण फोटो काढून झाल्यावर त्या चौदा बॅटऱ्या वर्षानुवर्षं हॉस्टेलच्या जिन्याखाली धूळ खात पडतील, जशी मागच्या मुलांची प्रोजेक्ट्स आज तिथे पडली आहेत. वीस म्हशींचं तसं नाही. त्या उद्या सकाळीही शेण टाकणार आहेत, परीक्षा असो वा नसो.

बघा, पटतंय का. पटलं तर रविवारी सकाळी सात वाजता गेटवर या. जुन्या चपला घालून.