दशम्यांचा डबा आणि सोळा पायऱ्या



मलकापुरातून आमच्या मंडळातल्या सात जणी मॉरिशसला जाऊन आल्या. फोटोंत समुद्र, टोप्या आणि इथून नेलेल्या दशम्यांचे डबे. मी विचारलं, "आप्रवासी घाट पाहिला का?" "ते काय असतं?"

राग आला, तो इथे काढते. पोर्ट लुईच्या बंदरात सोळा दगडी पायऱ्या आहेत. 1834 पासून उसाच्या मळ्यांत राबायला सुमारे पाच लाख गिरमिटिये या बेटावर आले. त्यात रत्नागिरीकडची आपली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. 2006 साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा ठरवला. आणि आपण जवळच्याच बाजारात पर्सचा भाव करत होतो!

"तिथलं खाणं आपल्याला चालत नाही गं." हे अर्धंच खरं. तिथली ढोल पुरी म्हणजे डाळ भरलेली, हळद-जिऱ्याची पातळ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. गाडीवर हिंदू, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे, सगळे एकाच रांगेत. सोबतच्या रश्शात कांदा-लसूण असतो, तो नको म्हणा, कोरडी पुरी घ्या. दिवसाउजेडी मिळते, रात्रिभोजनाचाही प्रश्न नाही. कडक सोवळं असेल तर खाऊ नका. पण गाडीपाशी उभं राहून बघायला कुठला नियम आडवा येतो?

चातुर्मासानंतर दुसरी तुकडी निघणार आहे म्हणे. टूरवाल्याकडे घाटासाठी अर्धा दिवस आधीच मागून घ्या. देत नसेल तर आगाऊ रक्कम भरू नका.